ॲक्टिनची व्हायल वाया का जाते: रिकॉम्बिनंट ॲक्टिन मागवणं, विरघळवणं आणि कॅन्सरच्या प्रयोगात वापरणं

"सर, ॲक्टिन मागवलं, बफर घातलं, पण पॉलिमराइज होतच नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न तोंडातून आपोआप निघतो: "व्हायलवर होस्ट काय लिहिलाय?" तिथं शांतता पसरते. (ॲक्टिन म्हणजे पेशीतलं तंतू बनवणारं प्रोटीन; त्याचे सुटे रेणू जुळून तंतू होणं म्हणजे पॉलिमराइज होणं; आणि होस्ट म्हणजे ते प्रोटीन ज्या जिवात बनवून घेतलं तो.) विचारणारी मुलं कधी विद्यानगरातल्या शिवाजी विद्यापीठातली असतात, कधी कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजातली, कधी इचलकरंजी-जयसिंगपूरकडून एसटीनं आलेली. चूक बहुतेक वेळा प्रयोगात नसतेच, ती ऑर्डर देतानाच झालेली असते. म्हणून हा लेख पिपेटपासून नाही, कॅटलॉगपासून सुरू होतो.

टप्पा १ : आधी प्रश्न ठरवा, मग कॅटलॉग उघडा

रिकॉम्बिनंट, म्हणजे जीन दुसऱ्या जिवात घालून बनवून घेतलेलं, ॲक्टिन मागवण्याची कारणं साधारण दोन. एक, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर वेगळी केलेली प्रोटीनं अँटिबॉडीनं ओळखायची चाचणी) ओळखीचा पट्टा म्हणून किंवा अँटिबॉडी तपासायला. दोन, ॲक्टिनचे तंतू प्रत्यक्ष बनवून त्यावर एखादं प्रोटीन, औषध किंवा अर्क काय करतो ते पाहायला. या दोन कामांना दोन वेगळे माल लागतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

कारण असं. ॲक्टिनची घडी आपोआप बसत नाही. आपल्या पेशीत सीसीटी नावाचं, 'ट्रिक' म्हणूनही ओळखलं जाणारं, एक मोठं शॅपरोनिन, म्हणजे घडी बसवणारं प्रोटीनचं पिंप, असतं. नुकतीच तयार झालेली ॲक्टिनची साखळी त्याच्या पोकळीत जाते आणि घडी बसून बाहेर येते. ई. कोलाय या जिवाणूकडे सीसीटी नाही. तिथं बनवलेलं ॲक्टिन बहुतांशी इनक्लुजन बॉडीत, म्हणजे घडी न बसलेल्या प्रोटीनच्या गुठळ्यांत, गोळा होतं, मग युरियात विरघळवून शुद्ध केलं जातं. जेलवर ते झकास दिसतं. तंतू मात्र त्याचे होत नाहीत.

म्हणून डेटाशीटवर या चार गोष्टी शोधा:

१. होस्ट. ई. कोलाय असेल तर वेस्टर्न, एलायझा आणि अँटिबॉडी तपासणीपुरताच माल समजा. पिकिया यीस्टमध्ये किंवा कीटकांच्या पेशीत बनवलेलं असेल तर तंतू बनण्याची आशा धरायला हरकत नाही.

२. बफर. युरिया लिहिलेला दिसला की पॉलिमरायझेशनचा विचार सोडा.

३. 'बायोलॉजिकली ॲक्टिव्ह' असं लिहिलं असेल तर कोणत्या चाचणीनं, ते विचारा. पॉलिमरायझेशनचा आलेख मागा. देणारे देतात. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं म्हणायचं.

४. जीनचं चिन्ह. माणसात ॲक्टिनचे सहा जीन आहेत: एसीटीए१, एसीटीए२, एसीटीबी, एसीटीसी१, एसीटीजी१ आणि एसीटीजी२. बीटा आणि गॅमा सायटोप्लाझ्मिक ॲक्टिनमध्ये फक्त चार अमिनो आम्लांचा फरक आहे, तोही सगळा एन-टोकाजवळ, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला.

सावधान: एसीटीएल६ए आणि एसीटीएल८ ही नावं कॅन्सरच्या लेखांत भेटतात, पण ती ॲक्टिनसारखी प्रोटीनं आहेत, ॲक्टिन नव्हेत. एसीटीएल६ए क्रोमॅटिन (प्रोटीनांभोवती गुंडाळलेला डीएनए) हलवणाऱ्या संकुलात काम करतं. एसीटीएल८ कॅन्सर-टेस्टिस प्रतिजनांत, म्हणजे एरवी वृषणात आणि मग कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या प्रोटीनांत, मोडतं. सर्च बॉक्समध्ये नुसतं 'ॲक्टिन' टाकलं की ही सगळी एका ओळीत उभी राहतात, आणि घाईत चुकीच्या ओळीवर क्लिक होतं.

"युरिया डायलिसिसनं (छोटे रेणूच बाहेर सोडणाऱ्या पिशवीत ठेवून) काढला तर?" हा हमखास येणारा प्रश्न. युरिया जाईल, घडी बसणार नाही. पिशवीत पांढरा गाळ मिळेल.

तंतूच हवे असतील आणि बीटा प्रकाराचा आग्रह नसेल, तर सशाच्या स्नायूतून शुद्ध केलेलं ॲक्टिन विचारात घ्या. ते रिकॉम्बिनंट नाही, पण बऱ्याच बाइंडिंग प्रयोगांना पुरतं आणि खिशालाही परवडतं. कॅन्सर पेशीतल्या बीटा-ॲक्टिनबद्दलच विधान करायचं असेल तर मात्र स्नायूच्या ॲक्टिनवर भागवू नका.

टप्पा २ : किती लागेल, कागदावर मांडा

ॲक्टिनचं वजन ४२ किलोडाल्टन. म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण साधारण २४ मायक्रोमोलर.

तंतूंच्या प्रयोगात ५ मायक्रोमोलर ॲक्टिन, १०० मायक्रोलिटरची नळी धरली तर एका नळीला २१ मायक्रोग्रॅम लागतं. कंट्रोल धरून १२ नळ्या म्हणजे सुमारे २५० मायक्रोग्रॅम. प्रयोग तीनदा करायचा, म्हणजे ७५० मायक्रोग्रॅम. ५० मायक्रोग्रॅमची व्हायल मागवून हा प्रयोग आखणारे विद्यार्थी मी पाहिलेत. त्यात दोन नळ्या होतात.

उलट वेस्टर्नला लेनमागे, म्हणजे जेलच्या एका रांगेला, ५० नॅनोग्रॅम पुरतं. तीच ५० मायक्रोग्रॅमची व्हायल तिथं हजार लेन चालते.

टप्पा ३ : कधी मागवायचं

हा टप्पा पुण्या-मुंबईच्या प्रोटोकॉलमध्ये नसतो, आपल्याला मात्र टाळता येत नाही. माल पुण्याहून महामार्गानं येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पाणी आलं आणि महामार्ग बंद झाला. तेव्हा कोरड्या बर्फातल्या पार्सलचं काय झालं असेल, ते सांगायला नको. पावसाळ्यात ऑर्डर पाठवण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३. पस्तिशीच्या पुढं पाणी चढत असेल तर पंधरा दिवस थांबा, प्रबंध काही बुडत नाही.

माल सोमवारी निघेल असं लेखी ठरवून घ्या. गुरुवारी निघालेलं पार्सल शनिवारी दुपारी कार्यालय बंद झाल्यावर पोचतं आणि सोमवारपर्यंत शिपायाच्या टेबलाखाली पडून राहतं. गणपती आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा पूर्ण टाळा.

वळिवाच्या दिवसांत वीज जाते, आणि फ्रीझर जनरेटरवर आहे की नाही हे जनरेटर सुरू झाल्यावरच कळतं. यावर साधा उपाय: एका छोट्या कपात पाणी गोठवा, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि कप उणे ८० च्या फ्रीझरमध्ये व्हायलींशेजारी ठेवून द्या. सुट्टीनंतर नाणं बर्फात खाली रुतलेलं दिसलं तर मध्यंतरी सगळं वितळून पुन्हा गोठलंय. डिस्प्ले उणे ८० दाखवत असला तरी त्या व्हायलींवर विश्वास ठेवू नका.

तपासा: पार्सल उघडल्याबरोबर बर्फ शिल्लक होता का, किती वाजता उघडलं आणि लॉट नंबर काय, हे वहीत लिहा. तक्रार करायची वेळ आली तर हीच ओळ कामाला येते.

टप्पा ४ : बफर आदल्या दिवशी, एटीपी त्याच दिवशी

इथून पुढचे टप्पे घडी बसलेल्या, म्हणजे तंतू बनवू शकणाऱ्या ॲक्टिनसाठी आहेत. ई. कोलायचा युरियातला माल असेल तर तो बर्फावर वितळवा, छोट्या भागांत वाटा आणि थेट टप्पा ८ कडे जा.

सुटं ॲक्टिन ज्यात ठेवायचं तो जी-बफर, १०० मिलिलिटरसाठी असा:

१. १ मोलर ट्रिस, पीएच ८.० : ०.५ मिलिलिटर
२. १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड : ०.२ मिलिलिटर
३. १०० मिलिमोलर एटीपी : ०.२ मिलिलिटर
४. १ मोलर डीटीटी : ५० मायक्रोलिटर
५. बाकी शुद्ध पाणी

ट्रिस आणि कॅल्शियम आदल्या दिवशी मिसळून थंड करायला ठेवा. एटीपी (ॲक्टिनला धरून ठेवणारा ऊर्जेचा रेणू) आणि डीटीटी (ऑक्सिडेशनपासून जपणारं रसायन) वापराच्या दिवशीच घाला.

एटीपीचं डायसोडियम मीठ पाण्यात विरघळवलं की द्रावण आम्लधर्मी होतं. सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ७ वर आणल्याशिवाय ते कुठल्याही बफरमध्ये घालू नका. जी-बफर इतका पातळ असतो की ५ मिलिमोलर ट्रिस आम्लाचा मार पेलू शकत नाही. पीएच घसरतो, आणि विद्यार्थी म्हणतो, "लॉट खराब आहे."

पॉलिमरायझेशनचा दहापट बफर वेगळा करा: ५०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, २० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर एटीपी. १०० मायक्रोलिटरच्या नळीत याचे १० मायक्रोलिटर.

सावधान: ईडीटीए, म्हणजे धातूंचे आयन पकडणारं रसायन, कुठूनही आत येऊ देऊ नका. ॲक्टिनच्या खोबणीत एटीपीसोबत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम बसलेलं असतं. ईडीटीए ते ओढून काढतं, मागोमाग एटीपी सुटतं आणि रेणू कोसळतो. बफरमध्ये तुम्ही ईडीटीए घातलेलं नसतं, ते प्रोटिएझ इन्हिबिटरच्या (प्रोटीन तोडणारी एन्झाइमं रोखणाऱ्या) गोळीतून येतं. गोळीची डबी वाचा.

टप्पा ५ : व्हायल उघडणं

माझी पहिली व्हायल मी पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या खाऱ्या बफरमध्ये, विरघळवली होती. प्रयोगशाळेत सगळं पीबीएसमध्येच विरघळवतात, तसं मीही केलं. पीबीएसमध्ये १३७ मिलिमोलर मीठ असतं, आणि मीठ म्हणजे ॲक्टिनला तंतू बनवण्याचा हुकूमच. वर फॉस्फेट कॅल्शियमला धरून बसतं. व्हायलमध्ये अर्ध्या तासात जेलीसारखं काहीतरी तयार झालं. मार्गदर्शकांनी नळी उजेडाकडे धरली, हसले आणि काही न बोलता निघून गेले. ती व्हायल मी अजून जपून ठेवलीय.

क्रम असा ठेवा:

१. बंद व्हायल थंड सेंट्रिफ्यूजमध्ये दहा-वीस सेकंद फिरवा. कोरडी पूड झाकणाला चिकटलेली असते. थेट उघडली तर अर्धा माल हवेत जातो.

२. डेटाशीट पुन्हा वाचा. पुडीत साखर आणि बफरचे क्षार आधीच असतील तर फक्त थंड शुद्ध पाणी घालायचं असतं. तिथं जी-बफर घातलात तर क्षार दुप्पट होतात.

३. सांगितलेलं आकारमान घाला, १० ते १५ मिनिटं बर्फावर ठेवा, मग रुंद टोकाच्या टिपनं हळू वरखाली करा. व्हॉर्टेक्स नको. फेस आला की प्रोटीन बिघडलं समजा.

४. जी-बफर घालून कामाच्या संहतीवर आणा आणि बर्फावर किमान एक तास ठेवा. गोठवताना किंवा सुकवताना तयार झालेले छोटे तुकडे या तासात सुटे होतात. हा तास वाचवणाऱ्यांचे आलेख सुरुवातीलाच चढलेले दिसतात.

५. ४ अंशांवर १४,००० आरपीएमला १५ मिनिटं फिरवा. वरचं द्रावण घ्या, तळ सोडून द्या.

६. उरलेलं छोट्या भागांत वाटा, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा आणि उणे ८० वर ठेवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवायचा नाही, कितीही जीव तुटला तरी.

टप्पा ६ : मोजणं

ॲक्टिन २८० नॅनोमीटरवर मोजू नका. द्रावणातलं एटीपी २६० जवळ इतकं शोषण करतं की २८० चा आकडा फुगतो. २९० नॅनोमीटरवर मोजा. तिथं १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ॲक्टिनचं शोषण ०.६३ असतं. आकडा ०.३१५ आला तर ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सुमारे १२ मायक्रोमोलर.

ब्लँक म्हणून त्याच दिवशीचा, एटीपी असलेला जी-बफर घ्या. प्रोटीन मोजायची बीसीए पद्धत इथं नको, कारण डीटीटी तिची रसायनं आपणच पेटवतं. ब्रॅडफर्ड पद्धत चालेल.

टप्पा ७ : ॲक्टिन जिवंत आहे का

नव्या लॉटवर हा प्रयोग केल्याशिवाय पुढं जाऊ नका.

१. दोन नळ्यांत ५ मायक्रोमोलर ॲक्टिन. एकीत पॉलिमरायझेशन बफर, दुसरीत तेवढाच जी-बफर.

२. २२ ते २५ अंशांवर एक तास. प्रोटोकॉलमधलं 'रूम टेम्परेचर' म्हणजे मे महिन्यातल्या दुपारची आपली प्रयोगशाळा नव्हे. वॉटर बाथ लावा किंवा एसीच्या खोलीत करा.

३. १,००,००० जी वर एक तास. अल्ट्रासेंट्रिफ्यूज आपल्याकडं नसेल तर सामायिक सुविधेत वेळ आधी ठरवा, आणि ॲक्टिन त्याच दिवशी वितळवा, वेळ मिळेल या आशेवर आदल्या दिवशी नाही.

४. वरचं द्रावण आणि तळाचा गाळ वेगळे करा. गाळ मूळ आकारमानाइतक्याच बफरमध्ये घ्या, म्हणजे जेलवर तुलना सरळ होते. दोन्ही एसडीएस-पेजवर (प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) शेजारी चालवा.

मॅग्नेशियम-एटीपी ॲक्टिनची निर्णायक संहती (जिच्याखाली तंतू वाढत नाहीत ती) तंतूच्या वाढत्या टोकाशी सुमारे ०.१ मायक्रोमोलर असते. म्हणून ५ मायक्रोमोलरपैकी बहुतेक सगळं गाळात गेलं पाहिजे. जी-बफरच्या नळीत मात्र ते वरच राहिलं पाहिजे.

तपासा: दोन्ही नळ्यांत ॲक्टिन वर असेल तर रेणू मेलेला आहे किंवा माल युरियातून आलेला आहे. दोन्हींत तळाशी असेल तर ते तंतू नसून गुठळ्या आहेत, टप्पा ५ मधला बर्फावरचा तास किंवा स्पिन चुकलाय.

टप्पा ८ : कॅन्सरच्या प्रश्नाला हे कसं जोडायचं

कॅन्सरची पेशी जागा सोडून निघते तेव्हा पुढचा रेटा ॲक्टिनच देतं. आजूबाजूच्या जाळीत घुसणारे इन्व्हॅडोपोडिया हे ॲक्टिनचेच उंचवटे. आर्प२/३, कोफिलिन, फॅसिन ही त्या तंतूंना फांद्या फोडणारी, तोडणारी आणि बांधणारी मंडळी. पण "आमच्या अर्कानं ॲक्टिनवर परिणाम झाला" एवढ्यावर कुणी "कॅन्सररोधक" लिहीत असेल, तर खालच्या चार जागा आधी पार करा.

अ) लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये माल सारखा भरला ना, हे दाखवणारं प्रोटीन. बीटा-ॲक्टिन सगळीकडं सारखंच असतं, ही समजूत कॅन्सरच्या नमुन्यांत धोक्याची आहे. पेशीचा आकार आणि हालचाल बदलली की ॲक्टिनची पातळीही बदलू शकते. दुसरी अडचण हिशोबाची. सर्वसाधारण पेशीत एकूण प्रोटीनच्या साधारण ५ टक्के ॲक्टिन असतं. २० मायक्रोग्रॅम लायसेट (पेशी फोडून मिळालेलं द्रावण) भरलंत की लेनमध्ये जवळपास १ मायक्रोग्रॅम ॲक्टिन गेलं. तिथं पट्टा काळाकुट्ट होऊन थांबतो आणि दुप्पट माल भरला तरी तसाच दिसतो. "सगळ्या लेन सारख्या आहेत" हे मग खरंच सारखेपण आहे की आंधळेपण, कळत नाही.

यासाठी ई. कोलायचा माल उत्तम. ५, १०, २५, ५० आणि १०० नॅनोग्रॅमच्या पाच लेन, शेजारी लायसेटच्या ०.५, १, २ आणि ५ मायक्रोग्रॅमच्या लेन. पट्टा सरळ रेषेत कुठवर वाढतो ते पाहा आणि त्याच्या आत राहा. सोबत पाँसो-एसनं (सगळी प्रोटीनं दाखवणाऱ्या रंगानं) डागलेल्या पूर्ण मेंब्रेनचा फोटो काढून ठेवा.

सावधान: हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडिनची शेपटी) असलेलं ॲक्टिन ४२ च्या थोडं वर धावतं, त्याला अशुद्धी समजू नका. आणि एसी-१५ सारखी अँटिबॉडी बीटा-ॲक्टिनच्या ॲसिटिल लागलेल्या एन-टोकाविरुद्ध बनवलेली आहे. टॅग त्याच टोकाला असेल किंवा ॲसिटिल गट नसेल तर पट्टा फिका येऊ शकतो. अशा वेळी दुसऱ्या भागाला ओळखणारी अँटिबॉडी घ्या.

ब) फॅसिन. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसलेल्या कॉलेजांसाठी हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. फॅसिन अनेक कार्सिनोमांत वाढलेलं आढळतं आणि ते तंतूंच्या जुड्या बांधतं. सुटे तंतू १५,००० जी वर खाली बसत नाहीत, जुड्या बसतात. टप्पा ७ प्रमाणे तंतू बनवा, १ मायक्रोमोलर फॅसिन घाला, अर्धा तास थांबा आणि साध्या मायक्रोफ्यूजमध्ये २० मिनिटं फिरवा. नुसतं ॲक्टिन, नुसतं फॅसिन आणि दोन्ही, अशा तीन नळ्या हव्यातच. नुसतं फॅसिन खाली बसत असेल तर आधी तेच स्पिन करून साफ करा.

क) वनस्पतींचे अर्क. आपल्याकडं पश्चिम घाट हाकेच्या अंतरावर, त्यामुळं हा विषय प्रत्येक बॅचमध्ये येतो. टॅनिन असलेला अर्क कुठलंही प्रोटीन खाली पाडतो. गाळ वाढला म्हणून "तंतू वाढले" लिहाल आणि परीक्षक तिथंच पकडतील. त्याच अर्कासोबत बीएसएची, म्हणजे गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनची, एक नळी ठेवा. बीएसएही गाळात गेलं तर तो टॅनिनचा खेळ आहे. पायरीन (तंतू बनले की जास्त चमकणारा रेणू) लावलेलं ॲक्टिन वापरत असाल तर ३६५ नॅनोमीटरला उद्दीपन आणि ४०७ ला उत्सर्जन मोजतात. रंगीत अर्क तोच प्रकाश गिळतो आणि आलेख खाली ओढतो. तयार तंतूंत अर्क घालून पाहा. आकडा त्याच क्षणी पडला तर ते तंतू तुटणं नव्हे, रंगाची सावली आहे. अर्क ज्यात विरघळवला त्या डीएमएसओचा कंट्रोल तेवढ्याच टक्केवारीचा, आणि खात्रीच्या परिणामासाठी तंतू बनू न देणाऱ्या लॅट्रंक्युलिनची एक नळी. हातमोजे घालूनच, ते विष आहे.

ड) पेशींमध्ये पडताळा. तंतू रंगवायला वापरतात ते फॅलॉइडिन फक्त तंतूंना धरतं, सुट्या ॲक्टिनला नाही. पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडनं स्थिर करा. मिथेनॉल वापरलंत तर तंतूंची रचना विस्कटते आणि डाग फिका येतो, मग "अर्कानं ॲक्टिन नष्ट केलं" असा निष्कर्ष तयारच असतो. आणखी एक फसवणूक: जॅस्प्लाकिनोलाइड हे तंतू पक्के करणारं संयुग फॅलॉइडिनच्याच जागी बसतं. त्यानं उपचार केलेल्या पेशीत डाग नाहीसा होतो, तंतू मात्र तिथंच असतात. तुमच्या संयुगानं डाग घालवला असेल तर त्याच पेशींचं लायसेट टप्पा ७ प्रमाणे फिरवून गाळातलं ॲक्टिन मोजा. लायसिस बफरमध्ये तंतू टिकवण्यासाठी मॅग्नेशियम आणि एटीपी ठेवा, तो ३७ अंशांवर वापरा, आणि गाळ व वरचं द्रावण एकाच जेलवर, एकाच मेंब्रेनवर न्या.